मिरासी आणि उपरी : दीक्षितपुऱ्याच्या निमित्ताने

परमुलखात जाऊन राहणे आणि परमुलखात स्थायिक होणे या दोन गोष्टींमध्ये मराठी भाषेने फार पूर्वीपासून फरक केलेला आहे. नुसता राहणारा तो उपरी. ज्याचा गावावर आणि गावाचा ज्याच्यावर हक्क आहे तो मिरासी. ग्रीन कार्ड, वर्क परमिट, नागरिकत्वाची शपथ हे शब्द मराठी घरांत गेल्या दोन-तीन पिढ्यांत रुळले. त्यांच्यामागचा प्रश्न मात्र जुनाच आहे. नव्या ठिकाणी आलेल्या माणसाला ‘तू आता इथला’ असे कोण म्हणते, कोणत्या आधारावर म्हणते आणि त्याबद्दल त्याच्याकडून काय घेते, हा तो प्रश्न होय. समुद्र ओलांडून गेलेल्यांच्या संदर्भात त्याची चर्चा पुष्कळ होते. नर्मदा ओलांडून गेलेल्यांच्या संदर्भात ती फारशी होत नाही. वास्तविक हा प्रश्न मराठी माणसाने प्रथम सोडवला तो तेथेच.

जबलपूरच्या जुन्या शहरातील दीक्षितपुरा हा मोहल्ला या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. ‘पुरा’ म्हणजे वसवलेली वस्ती. कोणीतरी येऊन बसल्याची खूण नावातच आहे. ‘दीक्षित’ ही मुळात यज्ञदीक्षा घेतलेल्याची पदवी. ती उपनाव होऊन कोकणात आणि देशावर जशी आढळते तशीच कान्यकुब्जांमध्येही आढळते. त्यामुळे मोहल्ल्याच्या नावावर मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांना सारखाच दावा सांगता येतो, आणि जबलपूरच्या मराठी समाजाचे सगळे वैशिष्ट्य या दुपदरी नावात सामावले आहे असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे ठरू नये. हे शहरच आलेल्यांचे आहे. जैसलमेरहून आलेल्या मारवाडी घराण्यातून येथे राजा गोकुळदास आणि पुढे हिंदीचे खंदे पुरस्कर्ते सेठ गोविंददास निघाले. बंगाली आले, गुजराती आले, रेल्वे आणि तोफगाड्यांच्या कारखान्याबरोबर सगळ्या देशाची माणसे आली. मराठी माणसे त्यांच्याआधी आली होती, आणि ती राज्यकर्ते म्हणून आली होती. हा तपशील पुढे विसरून चालणार नाही.

निघताना या माणसांनी स्थायिक होण्याची कोणती कल्पना बरोबर नेली, हे आधी पाहिले पाहिजे. पेशवाईतील खेड्यात शेतकऱ्यांचे दोन ठळक वर्ग होते. मिरासदार किंवा थळकरी याची जमीन वंशपरंपरेची. ती त्याला विकता येई, गहाण टाकता येई. गावच्या सभेत त्याला बसण्याचा मान होता. सारा मात्र तो पुरता भरी, आणि प्रसंगी मिरासपट्टी नावाचा वेगळा करही त्याच्यावर बसे. उपरी हा बाहेरून आलेला. तो मुदतीने, बहुधा हलक्या दराने जमीन कसी आणि परवडले नाही तर दुसऱ्या गावाची वाट धरी. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जो अहवाल लिहिला त्यात या भेदाकडे विशेष लक्ष वेधले आहे. परागंदा झालेला मिरासदार कित्येक वर्षांनी परतला तरी आपल्या जमिनीवर हक्क सांगू शके, हे इंग्रज अधिकाऱ्यांना नवलाचे वाटले होते. हक्काला अनुपस्थितीने बाध येत नाही ही कल्पना त्यांच्या कायद्यात सहज बसणारी नव्हती.

तथापि मिरासी आणि उपरी या जाती नव्हत्या. एका वर्गातून दुसऱ्यात जाण्याची वाट होती, आणि ती वाटच येथे महत्त्वाची आहे. एखादे घराणे नष्ट झाले म्हणजे त्याची जमीन ‘गतकुळ’ होई. अशी जमीन उपऱ्याला मिरास म्हणून मिळू शके. त्यासाठी पैसा लागे, सरकारात नजर भरावी लागे. पण तेवढ्याने भागत नसे. मिरासपत्र व्हायचे तर पाटील-कुळकर्णी हवेत, शेजारचे थळकरी हवेत, बलुतेदारांची साक्ष हवी. मराठी कागदपत्रांत अशा वेळी ‘पांढरी’ बोलते. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची; परंतु पांढरी हा शब्द मातीपुरता न राहता तिच्यावर राहणाऱ्या समस्त समुदायाचा वाचक झाला. सरकारने सनद दिली तरी पांढरीने मानले नाही तर माणूस उपराच. राज्याची मान्यता आणि शेजाऱ्यांची मान्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही लागतात, एवढी सूक्ष्म समज या व्यवस्थेत होती. आधुनिक राज्याने यांतील पहिली आपल्या हाती घेतली आणि दुसरी कोणाच्याच हाती ठेवली नाही.

हे चित्र रम्य करण्याचे मात्र कारण नाही. ज्यांना पांढरीत बसूच दिले जात नव्हते, ज्यांची वस्ती वेशीबाहेर होती किंवा ज्यांना वस्तीच नव्हती, त्यांना ही वाट बंद होती. लक्ष्मण माने यांच्या १९८० साली प्रसिद्ध झालेल्या आणि पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवणाऱ्या आत्मकथनाचे नाव ‘उपरा’ आहे, ते उगाच नव्हे. महसुली दप्तरात उपरी म्हणजे ज्याची जमीन या गावात नाही तो. मान्यांच्या पुस्तकात उपरा म्हणजे ज्याला कोणतेच गाव आपले म्हणत नाही तो. दीडशे वर्षांत शब्दाचा अर्थ इतका खोल गेला.

शहरांच्या बाबतीत वाट थोडी वेगळी होती. पेठ वसवायची तर सरकार शेटे-महाजनांना कौल देई, आलेल्या उदमी-कारागिरांना काही वर्षे कर माफ करी, घराला जागा देई. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्यालाही असाच इस्ताव्याचा कौल मिळे. पहिल्या वर्षी नाममात्र सारा, मग तो चढत जाई. पुण्याच्या पेठा अशा भरल्या. ज्याच्या हाताला काम येते त्याला बोलावून घ्यायचे आणि टिकला तर ठेवून घ्यायचे, हे आजच्या देशांचे धोरण पेशव्यांच्या दप्तरात ‘कौल’ या दोन अक्षरांत आढळते.

बुंदेलखंडात मराठे गेले ते मात्र कौल घेऊन नव्हे. १७२९ मध्ये बंगशाच्या वेढ्यातून पहिल्या बाजीरावाने छत्रसालाला सोडवले आणि १७३१ मध्ये छत्रसालाच्या मृत्यूनंतर त्याच्या राज्याचा सुमारे एक तृतीयांश भाग पेशव्यांकडे आला. तो सांभाळण्यासाठी रत्नागिरी भागातील नेवऱ्याचे गोविंद बल्लाळ खेर गेले आणि गोविंदपंत बुंदेले झाले. या नामांतराकडे इतिहासकारांनी जावे तितक्या खोलात जाऊन पाहिलेले नाही. खेरांनी बुंदेलखंड जिंकले हे खरे. पण बुंदेलखंडाने खेरांचे उपनाव जिंकले हेही तितकेच खरे. १७६० च्या डिसेंबरात, पानिपताच्या तोंडावर, अब्दालीची रसद तोडण्याच्या मोहिमेत पंत मारले गेले. सागरची सत्ता त्यांच्या वंशजांकडे आणि त्यांच्या कारभाऱ्यांकडे राहिली.

याच सागरच्या मराठ्यांनी १७८१ मध्ये गढा-मंडल्याचे गोंड राज्य संपवले. राणी दुर्गावतीच्या वंशाचा अखेरचा राजा नरहरशाह सागर भागातील खुरईच्या किल्ल्यात कैदेत पडला. जबलपूर आणि त्याचा परिसर मराठ्यांच्या हाती आला तो असा. म्हणजे जबलपुरातील पहिल्या मराठी घरांचे स्थायिकत्व दुसऱ्यांच्या विस्थापनावर उभे होते. गोंडांच्या दृष्टीने हे उपरी होते, आणि पांढरीची साक्ष काढली असती तर ती त्यांच्या बाजूने पडली असती असे मानायला जागा नाही. मध्य भारतातील मराठी समाजाचे लेखन आपल्या पूर्वजांचे पराक्रम सांगते, देवळे आणि घाट सांगते. खुरईचा किल्ला त्यात क्वचितच येतो. ही उणीव लहान नाही.

राज्यकर्त्यांच्या मागून त्यांचे कारभारी, फडणीस, वैदिक, वैद्य, शिलेदार, सावकार आले. त्यांचे राहणे सनदेवर होते. इनाम, जहागीर, देवस्थानाची पूजा किंवा गावचे एखादे वतन मिळाले की घर उभे राही. परंतु सनदेची ताकद देणाऱ्याच्या ताकदीएवढी असते. १७९८ मध्ये हा प्रदेश नागपूरकर दुसऱ्या रघूजी भोसल्यांकडे गेला. १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांनी जबलपूर घेतले. १८१८ मध्ये सागरही गेले. सदतीस वर्षांत तीन धनी. प्रत्येक बदलात जुन्या सनदा नव्या कचेरीत तपासायला न्याव्या लागल्या. सागरच्या सुभेदार घराण्याचे वारस पुढे जबलपुरात इंग्रजांच्या पेन्शनीवर राहिले. ज्यांनी इतरांना राहण्याची सनद दिली त्यांच्यावरच राहण्यासाठी दुसऱ्याच्या तनख्यावर विसंबण्याची पाळी आली. १८५३-५४ मध्ये झाशी आणि नागपूर ही दोन्ही राज्ये खालसा झाली तेव्हा दत्तकाचा हक्क नाकारला गेला. म्हणजे राजघराण्यांची मिरासही गतकुळ ठरवण्याचा अधिकार आता दुसऱ्याच सरकारकडे होता.

इंग्रजी अमलात स्थायिक होण्याचे मार्ग पालटले. सागर-नर्मदा प्रदेश १८६१ मध्ये निर्माण झालेल्या मध्य प्रांतात सामील झाला आणि तेथे जमिनीची मालकी मालगुजाराला देण्यात आली. पूर्वी जो गावचा सारा गोळा करी तो आता गावचा धनी झाला. सागर, दमोह, जबलपूर या भागांतील काही मराठी कुटुंबे अशा रीतीने मालगुजार झाली, आणि ज्यांची इनामे डळमळली होती त्यांना कायद्याचे भक्कम बूड मिळाले. कुळांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली. बंगालचा १८५९ चा दहावा कायदा १८६४ मध्ये मध्य प्रांताला लागू झाला आणि बारा वर्षे सलग जमीन कसणाऱ्याला मौरूसी हक्क मिळू लागला. मिरासपत्रात साक्षीदारांची नावे असत, वर्षांचा हिशेब दुय्यम असे. येथे साक्षीदार गेले आणि वर्षे आली. अमुक वर्षे राहिलास म्हणजे तू येथला, या तत्त्वाचा जबलपूरच्या भूमीवर झालेला हा प्रवेश होय. पुढील सगळे अधिवासाचे नियम या एका कल्पनेचेच विस्तार आहेत.

जमिनीवाचूनही मुळे धरता येतात हे मात्र रेल्वेने दाखवले. १८७० मध्ये मुंबईकडून आलेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग आणि अलाहाबादकडून आलेला ईस्ट इंडियन रेल्वेचा मार्ग जबलपुरात जोडले गेले. मुंबई-कलकत्ता प्रवास त्यामुळे शक्य झाला. सागरला सुरू झालेले कॉलेज १८७३ मध्ये जबलपुरात आले आणि पुढे रॉबर्टसन कॉलेज म्हणून प्रसिद्धीस आले. त्याआधी १८६८ मध्ये हितकारिणी सभा स्थापन झाली होती, जिची एक शाळा दीक्षितपुऱ्यात आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तोफगाड्यांचा कारखाना निघाला. प्रांताची राजधानी नागपूर, कचेऱ्यांत मराठी कारकून मुबलक, आणि बदलीचे आदेश नागपूर-जबलपूर-रायपूर अशी फेरी घालत. या मराठी माणसाजवळ सनद नव्हती, मालगुजारी नव्हती. होते ते बिऱ्हाड. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात तसे ते दर तीन वर्षांनी हलायचे. तरीही कुठे तरी ते थांबले. मुलगा मॅट्रिकला होता म्हणून, आईला आता प्रवास झेपत नव्हता म्हणून, घरमालक सज्जन होता म्हणून. स्थायिक होण्याची खरी कारणे पुष्कळदा इतकी साधी असतात, आणि कोणत्याही फर्मानात ती सापडत नाहीत. घरमालक सज्जन नसला तर १९४९ चा भाडेनियंत्रण आदेश आणि नंतर १९६१ चा मध्य प्रदेशाचा जागानियंत्रण कायदा मदतीला होता. भाडेकरूला सहजासहजी उठवता येत नाही या एका तरतुदीने जितके बिऱ्हाडकरू शहरवासी केले तितके कदाचित कोणत्याही अधिवासाच्या नियमाने केले नसतील.

वर्षांच्या हिशेबाला शपथेची जोड कशी मिळाली हे पाहायचे तर नजर शेजारच्या हैदराबाद संस्थानाकडे वळवावी लागते. मराठवाडा त्या संस्थानात होता. उत्तरेकडून आणि मद्रासकडून येणाऱ्या अधिकाऱ्यांविरुद्ध स्थानिकांची तक्रार एकोणिसाव्या शतकापासूनची; तिला उत्तर म्हणून निजामाच्या १९१९ च्या फर्मानाने मुलकी नियम पक्के झाले. संस्थानात जन्मलेला प्रजाजन मुलकी. पंधरा वर्षे कायम वास्तव्य केलेला बाहेरचाही मुलकी होऊ शके. पण त्याला मॅजिस्ट्रेटपुढे प्रतिज्ञापत्र करावे लागे की आपण पूर्वीच्या ठिकाणी परत जाण्याचा विचार सोडून दिला आहे. हे कलम वाचताना थबकायला होते. पंधरा वर्षे पुराव्याने सिद्ध करता येतात. परत जाण्याचा विचार सोडल्याचे कशाने सिद्ध करावे? मिरासदाराला परतण्याचा हक्क कायम होता. मुलकीला परतण्याची इच्छाच टाकावी लागत होती. दोन व्यवस्थांमधील अंतर या एका अटीत मोजता येते. मुलकी पुरुषाची पत्नी आपोआप मुलकी ठरे, हेही त्याच नियमांत होते.

समुद्रापलीकडे गेलेल्यांची गत निराळी नव्हती. मॉरिशसला १८३४ पासून गिरमिटिया मजूर जाऊ लागले आणि त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणपट्टीची मराठी माणसेही होती. करार संपला म्हणजे ते ‘जुने स्थलांतरित’ ठरत. वर्षे भरली होती, श्रम झाले होते. पण १८६७ च्या कायद्याने त्यांना छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगणे भाग पडले आणि तो दाखवता आला नाही तर भटकेपणाबद्दल धरपकड होई. तेथील मराठी माणूस पुढे जमीन घेऊन, देऊळ बांधून टिकला. पांढरी नव्हती तेव्हा त्याने ती स्वतः घडवली.

जबलपूरच्या मराठी माणसाच्या बाबतीत स्वातंत्र्यानंतर एक विलक्षण प्रकार झाला. तो जागचा हलला नाही; सीमा हलली. १९५० मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचे मध्य प्रदेश राज्य झाले तेव्हा राजधानी नागपूरच होती आणि मराठी व हिंदी या दोन्ही भाषांचे ते राज्य होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. महाकोशल, मध्य भारत, विंध्य प्रदेश आणि भोपाळ मिळून नवा मध्य प्रदेश झाला. आदल्या दिवशीपर्यंत जो द्विभाषिक राज्यातील दोन मोठ्या समाजांपैकी एकाचा घटक होता तो सकाळी हिंदी राज्यातील भाषिक अल्पसंख्य म्हणून उठला. सरकारी नोकरांची वाटणी झाली. त्याच वेळी उलट दिशेचा एक ओघही आला. राजधानी भोपाळला गेली, पण उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपूरला आले. १९३६ पासून नागपूरला असलेल्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश न्यायमूर्ती हिदायतुल्ला हेच मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायाधीश झाले. त्यांच्यामागे नागपूरच्या न्यायालयीन जगाचा एक हिस्सा जबलपुरात आला. १७९८ चे नागपूरकर भोसल्यांचे शिलेदार आणि १९५६ ची ही मंडळी यांच्यात दीडशे वर्षांचे अंतर असले, तरी वाट तीच होती.

राज्यघटनेने तोवर आपले उत्तर दिलेले होते. अनुच्छेद १९ अन्वये नागरिकाला भारताच्या कोणत्याही भागात राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क आहे. अनुच्छेद ५ मध्ये अधिवास आहे तो भारताचा, प्रांताचा नव्हे. परंतु दार पुरते उघडले नाही. अनुच्छेद १५ मध्ये जन्मस्थानावरून भेद करण्याची मनाई आहे. तेथे ‘वास्तव्य’ हा शब्द नाही. या फटीतून १९५५ चा प्रसिद्ध खटला आत शिरला. इंदूरच्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात मध्य भारताबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून वेगळे शुल्क घेतले जात होते, आणि मध्य भारताचा रहिवासी कोण हे ठरवण्यासाठी नियमांत मूळ अधिवास किंवा नवा अधिवास व पाच वर्षांचे वास्तव्य अशा अटी होत्या. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने हा नियम उचलून धरला. जन्मस्थान वेगळे, वास्तव्य वेगळे, असा तो निर्णय होता. दोन वर्षांनी संसदेने सरकारी नोकऱ्यांतील वास्तव्याच्या अटी काढण्याचा कायदा केला, त्यात तेलंगणासारखे काही अपवाद ठेवले. १९८४ मध्ये न्यायमूर्ती भगवती यांनी प्रवेशाच्या एका खटल्यात, देशात अधिवास एकच आहे आणि राज्याचा वेगळा अधिवास ही कल्पना घटनेला धरून नाही, असे बजावले. पण वास्तव्यावर आधारलेल्या जागा पूर्णपणे रद्द केल्या नाहीत. पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणापुरत्या अशा जागा सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या जानेवारीत अग्राह्य ठरवल्या. तहसील कचेरीच्या खिडकीवर मात्र आजही मूळ निवासी असल्याचा दाखला मिळतो, आणि तो मागितलाही जातो.

या दाखल्याचा खरा उलटा फेर कळतो तो परतीच्या वाटेवर. जबलपुरात चार पिढ्या काढलेल्या मराठी घरातील मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठी पुण्या-नागपूरला जाते. घरी मराठी बोलली जाते, कुलदैवत कोकणातले किंवा देशावरचे आहे, सुट्टीत मामाकडे साताऱ्याला जाणे झालेले आहे. कचेरीत मात्र महाराष्ट्राचे अधिवास प्रमाणपत्र विचारतात आणि त्याला सामान्यतः पंधरा वर्षांचे वास्तव्य लागते. मिरासदार असता तर परत येऊन हक्क सांगता आला असता. येथे तो पूर्वजांच्या गावीच उपरी ठरतो. दलित आणि आदिवासी कुटुंबांना हा फेर अधिक जाचक आहे. एका राज्यात अनुसूचित जातीत गणलेला माणूस दुसऱ्या राज्यात गेला तर सवलती त्याच्यासोबत जात नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये ठरवले, आणि पूर्वज कोठे राहत होते याचा हिशेब १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशांपासून केला जातो. महार हे नाव मध्य प्रदेशाच्या यादीत आहे आणि महाराष्ट्राच्याही. तरीही सीमा ओलांडली की कागद पुन्हा पहिल्यापासून. जात माणसाबरोबर सीमेपलीकडे जाते, तिच्याविरुद्धचे संरक्षण तेवढे मागे राहते. कायद्याच्या तर्काला हे सुसंगत वाटले असेल. जगण्याच्या तर्काला ते तसे वाटत नाही.

स्त्रियांचा प्रश्न या सगळ्या व्यवस्थांनी एका वाक्यात संपवलेला दिसतो : ती नवऱ्यामागे जाते. धर्मशास्त्रात तिचे गोत्र बदलले, मुलकी नियमात तिचे मुलकीपण नवऱ्याने आणले. सांगली-साताऱ्याहून, नागपूर-अमरावतीहून मुली लग्न होऊन जबलपुरात आल्या. त्यांना कोणी मिरासपत्र विचारले नाही आणि कोणी दिलेही नाही. आणि जबलपुरात मराठी टिकली ती मुख्यतः यांच्यामुळे. पुरुषाची कचेरी हिंदीत होती, मुलांची शाळा हिंदीत. दर पिढीला ताजी मराठी घरात आणणारी एक व्यक्ती होती, ती म्हणजे सून. भाषिक अल्पसंख्याकांसाठी १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची तरतूद केली आणि त्यासाठी आयुक्तही नेमला; पण या अनामिक स्त्रियांनी केलेल्या कामाच्या तुलनेत त्या तरतुदीचे फळ थोडे आहे.

आता भाषेचा प्रश्न उरतो, आणि साहित्याच्या अभ्यासकाला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटला पाहिजे. मध्य प्रांतातील मराठी माणसाने हिंदी उसनी घेतली नाही. ती घडवण्यात भाग घेतला. दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे १८७१ मध्ये जन्मलेले आणि काही काळ जबलपुरात शिकलेले माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढले, नागपूरहून ‘हिंदी केसरी’ चालवला, दासबोध आणि टिळकांचे गीतारहस्य हिंदीत नेले. त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही १९०१ ची कथा हिंदीतील आरंभीच्या कथांमध्ये गणली जाते. एका विधवेची झोपडी जमीनदाराने घेतली आहे. ती त्या जागेची टोपलीभर माती मागते, आणि टोपली उचलू पाहणाऱ्या जमीनदाराला ती उचलवत नाही. राहण्याचा हक्क कोणाचा, या विषयावर दोन पानांत इतके नेमके मराठीत त्या काळी कोणी लिहिलेले नाही. बाहेरून येऊन वसलेल्या घराण्यातला लेखक आपल्या पहिल्या महत्त्वाच्या कथेत घरातून उठवलेल्या बाईकडे वळतो, याला योगायोग म्हणावे की काय, हा प्रश्न ज्याने त्याने सोडवावा. ‘कर्मवीर’ हे पत्र १९२० मध्ये जबलपुरात निघाले त्यामागेही सप्र्यांची प्रेरणा होती.

याच शहरात सुभद्राकुमारी चौहान राहत होत्या. जन्म अलाहाबादकडचा, सासर खांडव्याचे, कर्मभूमी जबलपूर; १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवास सोसला. झाशीच्या राणीवरील त्यांची कविता हिंदी प्रदेशातील प्रत्येक शाळेत पाठ झाली. काशीत तांब्यांच्या घरी जन्मलेली आणि नेवाळकरांच्या घरी दिलेली मराठी मुलगी त्या कवितेतून बुंदेलखंडाची झाली ती कायमची. तिच्या दत्तकाला कंपनीने नाकारले होते. तिला स्वतःला मात्र एका परक्या भाषेने दत्तक घेतले, आणि ते दत्तकविधान अद्याप कोणी खालसा केलेले नाही.

मुक्तिबोध बंधूंची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. घराणे मूळचे जळगावकडचे, पुढे ग्वाल्हेर संस्थानात गेलेले. थोरले गजानन माधव यांचा जन्म १९१७ मध्ये श्योपूरला झाला. १९४६-४७ च्या सुमारास ते जबलपुरात हितकारिणी शाळेत शिकवीत होते, तेथेच वृत्तपत्रातही काम केले. नंतर नागपूर, नंतर राजनांदगाव. हरिशंकर परसाई जबलपुरातून ‘वसुधा’ चालवीत, त्यात मुक्तिबोधांची साहित्यिक डायरी येत गेली. घरात मराठी, लेखन हिंदीत. त्यांची कविता अंधाऱ्या वाटांवरून चालत राहते, जिने चढते, भुयारात उतरते. घर असे तिला क्वचितच लाभते. १९६४ मध्ये त्यांचा मृत्यू झाला आणि पहिला स्वतंत्र काव्यसंग्रह त्यानंतर आला. धाकटे शरच्चंद्र नागपूरला स्थिरावले आणि मराठीत लिहीत राहिले. ‘नवी मळवाट’ १९४९ मध्ये आली, १९५४ च्या कादंबरीला त्यांनी ‘क्षिप्रा’ हे माळव्यातील नदीचे नाव दिले, आणि सौंदर्यविचारावरील ग्रंथाला १९७९ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. हिंदी समीक्षा थोरल्या भावाचे मराठीपण दोन ओळींत आटोपते. मराठी समीक्षा धाकट्या भावाचा माळवा तितक्याच घाईने ओलांडते. दोघांवर एकत्र, एका घरातील दोन भाषांचे लेखक म्हणून, लिहिले जाणे आवश्यक आहे. तसे झाले तर जबलपूर, उज्जैन, इंदूर आणि नागपूर यांना जोडणारा एक वाङ्मयीन प्रदेश दिसू लागेल, ज्याच्या सीमा १७८१, १८१८ किंवा १९५६ यांपैकी कोणत्याच वर्षाने आखलेल्या नाहीत.